एक पत्ता जास्त

"जॅकेट उलटं घातलंय तुम्ही."

मागून आवाज आला तेव्हा ऑर्तिझच्या धक्क्यावरून मी नुकताच पंपबोटीत पाय टाकला होता. बोट डुलत होती, आणि एका हाताने वही छातीशी धरून दुसऱ्या हाताने मी लाइफ जॅकेटच्या बंदांशी झटापट करत होते. वळून पाहिलं... आणि बंद हातातून सुटला.

रेनान गेल्लादा!

नऊ वर्षांत खांदे रुंदावले होते, उन्हाने रंग रापला होता. पण हसू ओठांवर यायच्या आधी डोळ्यांत यायची ती सवय... तीच. इलोइलो शहरातल्या हजार माणसांत मी त्याला ओळखलं असतं. आणि हजार माणसांत मला जर कुणाला टाळायचं होतं, तर ते यालाच.

"बुडालात तर हे तुम्हाला पालथं तरंगवेल," तो म्हणाला आणि समोरच्या बाकावर बसला.

"तुम्हाला बरं माहीत!"

"पोटापाण्याचा धंदाच आहे. जहाजावर सेकंड मेट आहे मी. तीन महिन्यांच्या सुट्टीवर आलोय. सुट्टीत तरी कुणाला वाचवावं लागू नये एवढीच इच्छा."

त्याने मला ओळखलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मी जॅकेट सरळ केलं आणि नजर पाण्याकडे वळवली. समोर गिमारास बेट हिरवंगार पसरलं होतं. पंधरा मिनिटांचा तर प्रवास. पंधरा मिनिटं गप्प बसलं की झालं!

पण आमच्याकडचा, इलोंगो बोलणारा माणूस पंधरा मिनिटं गप्प बसेल, तर तो इलोंगो कसला?

"नाव नाही सांगितलंत."

"...तोरेन्तो."

"त! म्हणजे तिगबावानच्या तुम्ही."

आमच्या किनाऱ्यावर हे एक संकट आहे. गावाच्या नावाचं पहिलं अक्षर तेच गावकऱ्यांच्या आडनावाचं. लपायची सोयच नाही.

"आणि तुम्ही?" माहीत असून मी विचारलं.

"गेल्लादा."

"गिंबाल."

"बघा, शेजारीच निघालो. मधे एक नदी तेवढी." तो जरा पुढे झुकला. "तिगबावानच्या मुली फार कडक असतात म्हणे. खरं का हो?"

"गिंबालची मुलं फार बोलतात म्हणे. ते मात्र खरं दिसतंय!"

तो मोठ्याने हसला. एक लाट बोटीला तोलणाऱ्या बाजूच्या बांबूवर फुटली आणि आम्ही दोघंही निम्मे भिजलो. त्याने खिशातला रुमाल पुढे केला. मी वही पुसली, मग चेहरा. रुमालाला कडक इस्त्रीचा वास होता. मला एकदम रडू येईल की काय असं वाटलं.

कारण या माणसाचं मी एकदा वाटोळं केलं होतं.

ड्रेकमार हा आमचा पत्त्यांचा खेळ. आपापले पत्ते जमवायचे, त्यातून साठ निवडून गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याच्या गठ्ठ्याशी भिडायचं. १९९८ साली ला पाझच्या बाजारामागे, नोंग टिबोच्या झेरॉक्सच्या दुकानात सहा जण शिलाई मशीनच्या टेबलावर तो खेळायला बसले. कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर आखलेला. तिथून आमची लीग सुरू झाली. दोन वर्षांनी खेळाच्या मनिलातल्या कंपनीने मान्यता दिली. प्रत्येक खेळाडूला नंबर मिळाला, दर सोमवारी निकाल फॅक्सने जाऊ लागले आणि महिन्याने गुणांची यादी येऊ लागली. त्या यादीत पुढचा की मागचा यावर भल्याभल्यांच्या मैत्र्या मोडल्या! मग पंचांची परीक्षा आली. अकरा जण बसले, दोघं पास झालो. त्यातली एक मी, जोजी तोरेन्तो, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला.

२००४ साली विसायस विभागाची पहिली अंतिम फेरी इलोइलोत झाली. जिंकणारा जपानला जागतिक स्पर्धेला जाणार होता. एका बाजूला सेबूचा खेळाडू, दुसऱ्या बाजूला आमचा रेनान. गिंबालहून भरून जीप आली होती, त्याची आई केळीच्या पानांत बांधलेला भात घेऊन पहिल्या रांगेत. शेवटच्या डावात रेनानच्या हातात एक पत्ता जास्त निघाला. सेबूवाल्याने हात वर केला. मी गेले, मोजलं, पुन्हा मोजलं. नियम पाठ होता – जास्तीचा पत्ता, डाव बाद, म्हणजे हार. मी म्हटलं, "डाव बाद." रेनान उठला, हात मिळवला, निघून गेला.

मंगळवारी मनिलाहून पाकीट आलं. नवे नियम. एक तारखेपासून लागू. जास्तीचा पत्ता निघाल्यास हात उघडा करावा, समोरच्याने त्यातला एक पत्ता परत गठ्ठ्यात ठेवावा, ताकीद द्यावी, खेळ चालू राहावा...

अंतिम फेरी सहा तारखेला झाली होती.

मी मनिलाला पत्र लिहिलं. निकाल बदलत नाही, असं उत्तर आलं. रेनानला सांगायला गिंबालला जायचं ठरवलं, आणि धीर होईपर्यंत तो जहाजावर गेलेला. परत कधी खेळायला आला नाही.

नऊ वर्षं ते मनात घेऊन मी रविवारी पंचाचं काम करत होते. कंपनीने स्पर्धा बंद केल्या. बक्षिसं गेली, गुण गेले. तरी पुढच्या रविवारी तेवीस जण दुकानात हजर! आता लीगला पंधरा वर्षं होणार, तर जोजीने इतिहास लिहावा असं सगळ्यांनी ठरवलं. मी १९९८ पासून २००३ पर्यंत भराभरा लिहिलं. पुढच्या पानावर दोन महिने अडकले होते.

गिमारासला होर्दानच्या धक्क्यावर उतरून मी ट्रायसिकल रिक्षात बसले. तो शेजारी येऊन बसला.

"तुम्ही कुठे?" मी दचकले.

"पुढे. आणि तुम्ही?"

"मी पण... पुढेच."

आंब्याच्या बागा मागे पडत गेल्या. वळणावर त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि दोघांनी एकदम "सॉरी" म्हटलं. एका निळ्या फाटकाशी आम्ही एकाच वेळी ओरडलो, "इथे थांबवा!"

दुकान विकून नोंग टिबो आता बेटावर राहत होते, आणि लीगचे जुने कागद त्यांच्याकडेच होते. ते बनियनवरच बाहेर आले, आम्हाला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सुस! तुम्ही दोघं? एकत्र? जोजी, याला माफ केलंस की यानं तुला?"

मी रेनानकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहतच होता – आणि अजिबात चकित झालेला नव्हता.

"तुम्ही... मला ओळखलं होतं?"

"बोटीत पाय टाकलास तेव्हाच. डाव बाद म्हणणारा चेहरा कोण विसरेल, इंदाय?"

आमच्याकडे मुलीला लाडाने 'इंदाय' म्हणतात. माझे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस. मला वाटलं, अजून माझा राग आहे."

"तुमचा राग? मला?"

नोंग टिबोंनी व्हरांड्यात खुर्च्या ओढल्या, चिरलेले आंबे ठेवले आणि निकालांच्या चिठ्ठ्यांची पेटी माझ्यापुढे सरकवली. मग कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने ते अंगणात गेले, पण ऐकू येईल इतक्याच अंतरावर थांबले.

आता नाही तर कधीच नाही. मी आंब्याला हात न लावता सगळं सांगितलं. पाकीट, एक तारीख, सहा तारीख, मनिलाचं उत्तर.

"चूक माझी होती. तुमचा डाव बाद व्हायला नको होता. तुम्ही जपानला जायला हवं होतं. मला नऊ वर्षं..."

त्याने हातातली आंब्याची फोड खाली ठेवली. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"नवा नियम. माझ्या मित्राने सेबूहून आणला होता, माझ्या बॅगेत होता तो कागद. नुसता दाखवला असता तरी खेळ चालू राहिला असता."

"मग दाखवला का नाही?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "कारण तो पत्ता हातात चुकून राहिला नव्हता, जोजी. बोटांना घाम होता, दोन पत्ते चिकटून आले. मला कळलं. बोटांना लगेच कळतं. परत ठेवायचा होता... पण वर पाहिलं तर आई हात जोडून बसलेली, अख्खी जीप ओरडतेय. म्हटलं, कुणाला कळणार? घेतला हातात."

अंगणात नोंग टिबोंचा दाणे टाकणारा हात थांबला.

"ही फसवणूक झाली. नव्या नियमात असो की जुन्या, फसवणाऱ्याला हाकलूनच देतात. तू फक्त डाव बाद केलास, आणि तोही नकळत झालेली चूक समजून. तो कागद दाखवून मी कुठल्या तोंडाने म्हणू, माझ्यावर अन्याय झाला?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या छातीवरची धोंड उतरते आहे की माझा राग चढतो आहे, मला कळेना.

"म्हणजे... ज्याने जिंकायला नको होतं तोच हरला?"

"हो."

"आणि मी नऊ वर्षं झोप घालवली!"

"मला कुठे माहीत होतं तू पण –"

"गप्प बसा!" मी ओरडले. आणि मग मला हसू फुटलं. आधी हसू, मग डोळ्यांत पाणी, मग दोन्ही एकदम. तोही हसायला लागला. रुमाल पुन्हा पुढे आला, अजून ओलाच होता.

"एका पत्त्यासाठी नऊ वर्षं!" अंगणातून नोंग टिबो ओरडले. "माझ्या दुकानात तर लोक गठ्ठेच्या गठ्ठे चोरायचे, आणि दुसऱ्या दिवशी चहा प्यायला यायचे!"

निघताना रेनान फाटकाशी थांबला. "तू इतिहासात हे लिही. जसं झालं तसं."

"तुमची आई वाचेल."

"आईच पहिली वाचेल. तरी लिही. मला आता हलकं व्हायचंय."

त्या संध्याकाळी मी ते पान लिहिलं. एका बैठकीत.

पुढच्या रविवारी तो लीगच्या हॉलमध्ये आला. नऊ वर्षांत निघालेले पत्ते त्याने पाहिलेच नव्हते, बारा वर्षांच्या मुलीकडून हरला आणि तिलाच विचारत बसला, "हा पत्ता करतो काय नेमका?" मग त्याच्या पुढच्या रविवारी. मग रविवारच्या आधीचा शनिवारही. ला पाझच्या बाजारात बाचोयच्या, म्हणजे नूडल्सच्या सुपाच्या वाडग्यावर तो बंदरांच्या गोष्टी सांगायचा आणि मी हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या. कधी माझ्याही 'तुम्ही'चं 'तू' झालं, मला सांगता येणार नाही.

एकदा म्हणाला, "पंचबाई, एक निर्णय द्या. समोरच्याचा हात किती वेळ धरला की ताकीद मिळते?"

"पहिल्यांदा धरला असेल तर सोडून देतात."

"आणि दुसऱ्यांदा?"

"पहिला सोड तरी आधी!"

जुलैत लीगचा वर्धापनदिन झाला. इतिहासाची पुस्तिका वाटायच्या आधी ते पान मीच वाचून दाखवलं – माझा जुना नियम, त्याचा जास्तीचा पत्ता. वाचून संपलं. रेनान उठून उभा राहिला. "बरोबर लिहिलंय. सेबूच्या त्या माणसाला काल फोन केला मी. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस."

पहिल्या रांगेतून त्याची आई, नानाय सेफा, उठली. हातातल्या पंख्याने तिने त्याच्या दंडावर सपासप तीन फटके दिले.

"मी तिथे पोरासाठी जपमाळ ओढत होते आणि पोरगं पत्ते लांबवत होतं! हरलास तेच बरं झालं!" मग ती वळून माझ्याकडे आली. मला वाटलं, आता माझी पाळी. तिने माझा हात हातात घेतला. "आणि तू, इंदाय... ज्याला बाद करायचं त्यालाच केलंस हो. रविवारी जेवायला गिंबालला ये. फणस घालून डुकराचं मटण करते."

हॉलभर हशा पिकला. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि बघता बघता सगळेच.

त्याचं जहाज वीस तारखेला सुटणार होतं. जीपच्या थांब्यापर्यंत तो मला सोडायला आला. ऊन उतरलं होतं, रस्त्याला भाजलेल्या कणसांचा वास होता. दोन जीप आल्या, मी दोन्ही सोडल्या.

"सात महिन्यांचा करार आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"जोजी, मी... मला बोलता येतं म्हणतात सगळे. आत्ता काहीच येत नाहीये." त्याने घसा खाकरला. "मला तू आवडतेस. बोटीपासून नाही. तू पत्ते दोनदा मोजलेस ना... दुसऱ्यांदा मोजताना तुझे डोळे भरले होते. मला वाचवायला काहीतरी सापडावं म्हणून मोजत होतीस तू. तेव्हापासून. म्हणूनच तर तोंड दाखवायची लाज वाटली."

तिसरी जीप येऊन थांबली. तिगबावान, गिंबाल अशी पाटी. कंडक्टर ओरडत होता, आत फक्त एक जागा होती.

"सात महिने मी वाट बघेन," मी म्हटलं. "पण पत्र पाठव. आणि मनात काही आलं, तर नऊ वर्षं ठेवू नकोस, त्याच दिवशी लिही."

"आज काय लिहू?"

"आज सांगितलंस की. मलाही तू आवडतोस, रेनान. आता चल, तुझंही गाव त्याच रस्त्यावर आहे."

"एकच जागा आहे."

"मी बसते. तू लोंबकळ. खलाशी ना तू?"

तो हसत मागच्या पायरीवर चढला, दांड्याला धरून उभा राहिला, आणि जीप किनाऱ्याच्या रस्त्याने पळू लागली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. वाऱ्यात चाचपडत त्याने तो पकडला, आणि तिगबावान येईपर्यंत आम्ही दोघांनीही सोडला नाही.