चौथ्या शिपायाचं चिलखत

जगात चमक नावाची वस्तूच नाही. आहे तो फक्त उजेड, आणि बघणाऱ्याचा भाबडेपणा. हे महासत्य मास्तर अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने बारा वर्षं डोंगरात तप केलं असणार. प्रत्यक्षात शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर टेबलाशी बसून अंगठ्याएवढ्या शिपायाच्या पोटाला राखाडी रंग फासत असत.

पण कामात तडजोड नाही. चंदेरी रंगाची बाटली घरात आणायची नाही. चिलखत चमकवायचं ते साध्या रंगांनी: काळा, करडा, निळसर, आणि शेवटी पांढऱ्याचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. धातूला स्वतःचं रूप नसतं, समोर असेल ते तो दाखवतो. म्हणून शेजारी स्टीलचा चमचा उभा करायचा आणि त्यात खोली जशी दिसेल तशी चिलखतावर उतरवायची. वर खिडकी, खाली टेबल, मागे दार, कपाट, पलंग.

बायको गेली त्या दुपारी ते हेच करत होते. इस्पितळात तिला सांगून आले होते, "एक हात मारायचा राहिलाय. अर्ध्या तासात येतो." दुखण्यापायी तीन आठवडे तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "या सावकाश," ती म्हणाली, "शिपाई काही पळून जात नाही."

शिपाई नाहीच पळाला.

तिला एकदा 'चुकलो' म्हणायचं राहिलं, ते राहिलंच.

त्यानंतर रंगवलेल्या पहिल्या शिपायाच्या छातीवर, दाराच्या जागी, एक उभी काळी रेघ आली. हात थरथरला असेल म्हणून मास्तरांनी ती बुजवली. सकाळी रेघ परत जागच्या जागी. चमच्यात पाहिलं, तर दार मोकळं. भिंग लावून चिलखतात पाहिलं, तर दारात ती उभी.

दुसऱ्या शिपायावर ती उंबऱ्याच्या आत आली होती. तिसऱ्यावर कपाटाला हात टेकून दम खात होती. मास्तर वळून बघत तेव्हा मागे कोणी नसे. फक्त ती कमरेला चोळायची त्या मलमाचा वास.

आणि नेमकी तेव्हाच लेक आली, त्यांना आपल्या घरी न्यायला.

"बाबा, आता पुरे झालं. एकटे काय करता इथे?"

"एक शिपाई राहिलाय. तिला पोचायला..." मास्तर अडखळले. "वाळायला वेळ लागतो."

"तिकडे रंगवा की. माझ्या घरालाही खिडक्या आहेत."

"ते घर तिला सापडायचं नाही, बाळ."

लेकीने तोंड फिरवलं आणि पलंगाच्या कडेला बसून त्यांचे कपडे बॅगेत भरायला घेतले.

मास्तरांनी चौथा शिपाई उचलला. काळा. करडा. निळसर. 'चुकलो' हा शब्द त्यांनी ओठांवर तयार ठेवला होता. शेवटचा पांढरा ठिपका दिला, भिंग धरलं, आणि ओठ मिटून घेतले.

"काय झालं?"

त्यांनी शिपाई आणि भिंग तिच्या हातात दिलं.

खिडकी. टेबल. ब्रश धरलेले बाबा. मागे पलंग. पलंगाच्या कडेला ती स्वतः, मांडीवर बॅग.

आणि तिच्या पाठीशी, हाताची उशी करून, कुशीवर वळलेली आई. डोळे मिटलेले.

"हे... तुम्ही काढलंत?"

"मी उजेड काढतो. बाकी समोर असेल ते."

लेकीने मागे पाहिलं नाही. तिच्या खालची चादर किंचित ओढली गेली, कुणी झोपेत कूस बदलावी तशी.

"बोललात तिच्याशी?" ती कुजबुजली.

मास्तरांनी नाही अशी मान हलवली. "इतक्या दिवसांनी डोळा लागलाय. आता कुठे उठवू?"

मग शिपाई हळूच परत घेत म्हणाले, "ती बॅगेची चेन तेवढी सावकाश लाव."