दुसऱ्या बाराचा आवाज

जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत राजमहंमद बंदुका दुरुस्त करायचा. परवाना वडिलांच्या वेळेपासूनचा, आणि येणाऱ्या बंदुकाही बहुतेक त्याच काळातल्या. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्यांनी घेतलेल्या, ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि सगळं लोखंडी गजानं ठासून बसवायचं. दुसरा बार भरून होईतो डुक्कर डोंगराआड झालेलं असे. ही मारायची नाही, भिववायची बंदूक, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

डिंभे धरणाच्या पाण्यावर, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत राहणाऱ्या गोरखची बंदूक तशीच होती. बाप भिमाजी वारल्यावर परवाना गोरखच्या नावावर व्हायला बरेच महिने गेले. तोवर ती पोलीस ठाण्यात पडून राहिली आणि नळी आतून गंजली. राजमहंमदनं ती उकळत्या पाण्यानं धुतली, तेलाच्या बोळ्यानं पुसली, ठिणगी आत जायचा बारीक काना सुईनं मोकळा केला, घोड्याची कमान बदलली. शहरात बार उडवून बघता येत नाही. चाचणी तो गिऱ्हाइकाच्या रानातच घ्यायचा. भात कापणीला आलं होतं. गोरख मोटारसायकल घेऊन आला आणि दोघं घोडेगाववरून वर निघाले.

वाडीत पोचले तेव्हा पाण्यावरचं धुकं नुकतं उठत होतं. पिकल्या भाताचा गोडसर वास सगळीकडे भरून राहिला होता. पलीकडच्या काठाला गुरं चरत होती आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा इथवर, पाण्यावरून चालत आल्यासारख्या, ऐकू येत होत्या. गोरखची बायको वृषाली पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात आली. बंदूक अजून गोणपाटात गुंडाळलेली बघून ती जरा थांबली. तिला वाटलं होतं, यांनी खालच्या वळणावरच बार काढून बघितले असतील. मगाशी आवाज आला होता, असं ती म्हणाली.

गोरख हसला. खाणीत सुरुंग लावला असेल म्हणाला. राजमहंमदलाही ते पटलं.

बांधावर उभं राहून त्यानं सावकाश बार भरला. गज नळीत घातला, ठासला, बाहेर किती उरला ते बोटांनी बघितलं. कान्यावर ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली. समोर मोकळा उतार होता, खाली पाणी. त्यानं दस्ता खांद्याला लावला आणि चाप ओढला.

दस्ता खांद्यावर आदळला. नळीच्या तोंडातून पांढरा धूर निघाला आणि भातावर लोळत, पसरत, पाण्याकडे उतरू लागला. गंधकाचा वास नाकात शिरला. आंब्यावरच्या साळुंक्या एकदम उडाल्या.

आवाज झाला नाही.

साळुंक्यांच्या पंखांचाही नाही. धूर उतरत होता, भाताच्या लोंब्या हलत होत्या, आणि सगळं एखाद्या काचेपलीकडे घडत असल्यासारखं गप्प होतं. मग पलीकडच्या काठावरची एक घंटा वाजली. दुसरी वाजली. वारा आला.

राजमहंमदला वाटलं, आपल्याच कानात दडे बसले. पण गोरखनं शेजारून हळूच विचारलं, "चाचा, उडाली का न्हाई?"

नळी गरम होती. तोंडाशी काजळी धरली होती. दारू ओली असती तर दणका बसला नसता. राजमहंमदला अशा वेळी एकच गोष्ट सुचायची, पुन्हा करून बघणं. त्यानं नळी कोरड्या चिंधीनं पुसली आणि दुसरा बार भरला. हा आपण उडवतो म्हणून गोरखनं बंदूक मागून घेतली. परवाना त्याचा होता, बंदूक त्याच्या बापाची. त्यानं ती खांद्याला लावली, घोडा मागे ओढला.

तेवढ्यात राजमहंमदला वृषालीचं बोलणं आठवलं. त्यानं गोरखच्या मनगटावर हात ठेवला, घोडा अलगद खाली घेतला आणि अंगणाकडे वळून तिला विचारलं, की मगाशी बार किती ऐकले.

"दोन," ती म्हणाली. "एक झाला. मंग बऱ्याच येळानं दुसरा."

"आणि मग?"

वृषालीनं गोरखकडे बघितलं. "मंग कोन तरी वरडलं."

"कोण?"

"बाईमानूस." एवढं बोलून ती आत गेली.

पहिल्या बाराचा आवाज मगाशीच तिच्या कानावर पडून गेला होता; आता उरला होता तो दुसरा. गोरखच्या हातातली बंदूक आता त्याला जड झाल्यासारखी दिसत होती. राजमहंमदनं ती काढून घेतली. टोपी उतरवली, नळीत पाणी ओतलं, गजाच्या टोकाला मळसूत्र लावून चिंध्या ओढून काढल्या. छर्रे ओघळले. दारू काळ्या चिखलासारखी बाहेर आली. 

तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. त्यानं चुलीवर पळीत शिसं वितळवलं आणि कान्यात ओतून तो बुजवून टाकला. आता ही नुसती काठी, असं गोरखला सांगितलं. गोरखनं मान हलवली. डुकरांसाठी डबे बडवीन म्हणाला. बापाची वस्तू म्हणून त्यानं ती पुसून आत खुंटीला टांगली.

निघताना गोरख मोटारसायकल काढायला खाली गेला. वृषाली तांदळाची पिशवी घेऊन बाहेर आली. ती हलक्या आवाजात बोलू लागली.

"चाचा, ह्यांच्या म्होरं सांगितलं न्हाई. ती हाक माझीच व्हती. ह्यांच्या नावानं मारलेली."

राजमहंमदनं पिशवी घेतली आणि गोरख गेला तिकडे, खाली बघितलं.

"पन आवाज म्हातारा व्हता," ती म्हणाली. "लई म्हातारा. दात पडल्यावानी." आणि ती चक्क हसली. "म्हंजी आमाला अजून लई वरसं हायेत, न्हाई का?"

परतताना उन्हात पाणी चकाकत होतं. गोरखच्या पाठीमागे बसून राजमहंमद त्या पोरीच्या वयाचा विचार करत होता. तिशीसुद्धा उलटली नव्हती. म्हणजे तोवर आपण नसू, ही बंदूकही गंजून गेलेली असेल. त्याला एकदम हलकं वाटलं. घोडेगावात उतरून दोघांनी चहा घेतला, तेव्हा तो गोरखशी भाताच्या भावावर बोलत होता.

पुढच्या वर्षीचं भात लोंब्यांवर आलं तेव्हा एका दुपारी दुकानात फोन वाजला. नंबर गोरखचा होता. पलीकडे एक म्हातारी बोलत होती. आवाज फाटलेला, शब्दांत हवा शिरलेली. गोरखची कुणी चुलती असेल, असं राजमहंमदला वाटलं.

"कोण, आजी?" त्यानं विचारलं.



"चाचा, मी वृषाली."

पावसाळ्यात घसा बसला, तो पुन्हा सुटलाच नाही, असं ती सांगत होती. घोडेगावच्या डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं. आत काही नाही म्हणाला. बाकी ती बरी होती. राजमहंमदनं मध्येच विचारलं, की गोरख कुठं आहे.

"खाली भातात, बंदूक घिऊन गेलेत," वृषाली म्हणाली. "डुकरं लई झालीत अवंदा. डब्याला भीत न्हाईत. काल रातभर दाभन घिऊन बसले व्हते, कान्यातलं शिसं काढलं त्यांनी. तेच तुमाला इचारायचं व्हतं, आता चालंल का ती."

राजमहंमद उभा राहिला. त्याला आत्ताच्या आत्ता परत बोलाव, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण बोलावणं म्हणजे त्याच्या नावानं हाक मारणं, या आवाजात, हे त्याच्या ध्यानात आलं.

बाहेर गल्लीतून एक टेम्पो गेला. फोनमधून तिच्या श्वासाखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं. वारा नाही, पाखरं नाहीत.

"चाचा?" तो म्हातारा आवाज म्हणाला. "त्यांना हाक मारू का?"