चोराच्या हाती किल्ल्या

अभ्यासिकेत बसल्या बसल्या तिला डुलकी लागली आणि हातातला फोन शेजारच्याच्या पायावर पडला. तो कायद्याच्या परीक्षेची तयारी करणारा. सगळे त्याला 'वकीलसाहेब' म्हणायचे. त्याने फोन उचलला. पडद्यावर कुणाचं तरी मांजर नाचत होतं आणि तिचं नर्सिंगचं पुस्तक सकाळपासून त्याच पानावर उघडं होतं.

"मांजर पास होईल," तो म्हणाला, "तुझं काही सांगता येत नाही."

ती हसली... पण दमलेलंच. एकदा नापास झाली होती. यंदाही आपटली तर शिक्षण बंद, मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं बाबांनी निक्षून सांगितलं होतं. कळत होतं, वळत नव्हतं. त्याचीही तीच रड. मग दोघांनी ठरवलं, लांबलांबच्या टेबलांवर बसायचं, एकमेकांच्या फोनला कुलूप लावायचं आणि परवलीचा शब्द ज्याचा त्याला सांगायचा नाही.

म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! दुपार कलली की ती त्याच्या टेबलाशी हजर. आईचा निरोप आला असेल, मैत्रिणीने नोट्स पाठवल्या असतील... तो कधी अडवायचा नाही. फोन उघडून द्यायचा. मग ती पडद्याकडे बघायची आणि तो तिच्याकडे. तिला ते कळायचं, बरंही वाटायचं.

सराव परीक्षेत ती सपशेल आपटली. त्याच्यासमोर येऊन मटकन बसली. डोळे चुरचुरत होते, रडायचंही त्राण नव्हतं.

"एकदाही नाही म्हणाला नाहीस... का रे?"

तो पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. "नाही म्हटलं असतं, तर तू आली नसतीस."

रागवायला हवं होतं, पण तेवढी ताकद कुठून आणायची? आणि खोटं कशाला बोला, आत कुठेतरी गोडही वाटलं.

"माझं वर्ष जाईल रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दुपारी ती सवयीने फोन घेऊन गेली, तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला ते किती जड गेलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. ती मुकाट्याने परतली, पुस्तकात डोकं घालून बसली. संध्याकाळी पुन्हा आली — रिकाम्या हातांनी.

"नुसतीच आलेय... चालेल?"

त्याने खुर्चीवरची बॅग खाली ठेवली.

ती पास झाली, काठावर का होईना. तिचा निकाल त्याने उघडून दिलेल्या फोनवर दोघांनी मिळून पाहिला.

"आता तो शब्द सांगून टाकतो," तो म्हणाला.

"राहू दे. अजून पुढचं वर्ष आहे... मला नाही म्हणणारं माणूस हवंय. राहशील?"

या खेपेला मात्र तो हो म्हणाला.