शालूला दाखवलेलं ऊन

हरेश चुकीच्या गेटनं आत आला नसता, तर आज मी बरी असते.

महाप्याला आमच्या प्रयोगशाळेशेजारी ड्रायक्लीनिंगचा कारखाना आहे. त्याला जायचं होतं तिथं. पण त्यानं पिशवी ठेवली ती माझ्या टेबलावर.

"मॅडम, नीट धुवून पायजे. आयचा हाय."

आत मोरपंखी शालू होता... चाळीस वर्षांचा. जुनं रेशीम कसं आणि का जीर्ण होतं हे तपासणं माझं कामच. धुण्याचं नाव ऐकताच मी पिशवी जवळ ओढली. "पाण्यात घातला तर चिंध्या हातात येतील."

"मंग बरा झाला, चुकलो," तो म्हणाला आणि हसला. ते हसू घेऊन मी संध्याकाळी घरी गेले.

हरेश गोठिवलीचा, गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान. आई नऊ वर्षांपूर्वी गेली, घरी तो आणि वडील, आप्पा. घरात येणाऱ्या सुनेला हळदीनंतर हाच शालू नेसवायचा, असं ती सांगून गेली होती. धुणं राहिलं, आता त्याला एवढंच विचारायचं होतं, शालू एकदा तरी नेसता येईल का? मी म्हटलं, ठेवून जा, तपासते.

मग तो दर दोन दिवसांनी विचारायला यायला लागला. खरं तर फोन पुरला असता. एकदा मी त्याला दिव्यांचं कपाट दाखवलं.

"यात नवं रेशीम ठेवतो. प्रखर उजेड देऊन थोड्याच दिवसांत त्याला म्हातारं करतो, मग जुन्याशी ताडून बघतो."

"मानसाला पन करता काय असा?"

"ते तुम्ही करताय... सारखे येऊन."

तो कानापर्यंत लाल झाला. शालूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं – "ह्यो रंग तुमाला शोभंल." त्या दिवशी माझे सगळे आकडे चुकले.

निकाल मात्र चौथ्याच दिवशी हातात आला होता. पदराचा सुटा धागा यंत्रावर ताणायला लावला, तो लगेच तुटला. वरच्या घडीचा रंग विटलेला, आतला जसाच्या तसा. उजेडानं रेशीम आतून तुटत जातं, वरून मात्र धडधाकट दिसतं. मी विचारलं, "शालू उन्हात असतो का हो?"

"दर अवसेला," तो अभिमानानं म्हणाला. "आय अवसेलाच गेली. कसर लागू नये म्हनून गच्चीवर दिवसभर ऊन दावतो. बाजूला बसून र्‍हातो मी."

नऊ वर्षं! तुमच्या मायेनंच तो संपलाय, हे कसं सांगायचं? दया आली म्हणून गप्प बसले, अशी मी स्वतःची समजूत घातली. साफ खोटं. रिपोर्ट दिला की तो यायचा थांबेल, याची भीती होती. म्हणून तीन आठवडे म्हणत राहिले, "अजून दोन चाचण्या बाकी आहेत."

अवसेला तो सकाळीच आला. "आजच्या दिवस नेतो. उद्या आनतो."

नका नेऊ... दोनच शब्द होते. मी शालू कागदात गुंडाळून दिला आणि म्हणाले, "जपून."

दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवी टेबलावर हळूच ठेवली. गच्चीवर दोरीवर टाकल्यावर वारा सुटला होता आणि शालू घडीघडीवर उभा चिरत गेला होता.

"तुमाला म्हाईत होता?"

"हो."

"कवापासून?"

"तीन आठवडे."

"मंग बोलल्या का नाय?"

"रिपोर्ट दिला असता तर तुम्ही... आला नसता. मला तुम्ही आवडता, हरेश."

त्यानं फाटक्या पदरावरून हात फिरवला. किती वेळ फिरवत होता.

"रिपोर्टसाठी येतच नव्हतो मी," तो म्हणाला. "पयल्या हप्त्यातच आप्पांना सांगलेला, शालू कोन नेसनार ते."

तो उठला. पिशवीला हात लावला, पुन्हा सोडली. "र्‍हाऊ दे तुमच्याकडं. तुमच्या कामाचा हाय."

शालू आता आमच्या अंधाऱ्या कपाटात सपाट पसरून ठेवलाय. तिथं तो खूप वर्षं टिकेल. दर अवसेला मी तो बघते, मग खिडकीतून गेटकडे बघते. आता चुकूनही कोणी येत नाही.