मोठ्या बाईंच्या टपालातलं पाकीट

आमची पहिली भेट म्हणजे सरळ भांडणच. शाळेच्या ऑफिसची खिडकी, अलीकडे मी क्लार्क, पलीकडे विज्ञानाचे नवे सर... पावसात चिंब भिजलेले.

"मॅडम, रजेचा मेसेज पाठवला होता तुम्हाला—"

"माझ्या मोबाईलवर रजा मंजूर होत नाही, सर! तातडीचं असेल तर फोन करा. बाकी सगळं कागदावर, या खिडकीत."

"सगळं?"

"सगळं!"

ते हसले. अगं बाई, माझा राग कुठल्या कुठे पळाला! मग काय, प्रयोगशाळेची किल्ली, खडू, परीक्षानळ्या... सत्रभर दर दोन दिवसांनी सरांचा अर्ज. मीही मेली त्या खिडकीकडेच डोळे लावून बसायचे.

त्या सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी एक पाकीट सरकवलं आणि लगेच निघून गेले. समोर पालकांची ही भलीमोठी रांग! मी सवयीनं शिक्का मारला, आवक नोंदवहीत नोंद केली आणि पाकीट न उघडताच मोठ्या बाईंच्या टपालात आत पाठवलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

शाळा सुटता सुटता सर आले. "वाचलंत?"

"मी कशाला वाचू? बाईंकडे गेलं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम... ते तुमच्यासाठी होतं. तुम्हीच म्हणालात ना, सगळं कागदावर..."

सर अजून नोकरीत कायम नव्हते. बाईंनी मनात आणलं तर पुढच्या महिन्यात घरी! नोंद खोडता येत नव्हती, आणि पाकीट परत मागायचं तरी कुठल्या तोंडानं?

तेवढ्यात आतली बेल वाजली. दोनदा, म्हणजे माझ्यासाठी.

बाईंच्या हातात उघडलेलं पत्र होतं.

"हे वाचलंय तुम्ही?"

"नाही, बाई. पण चूक माझी आहे. मेमो मला द्या, सरांना काढू नका..."

"तुमचा काय संबंध?"

"ते गेले तर... मला नाही करमणार इथे."

बोलून गेले आणि मागे वळून बघते तर — सर दारातच उभे!

बाईंनी चष्मा सारखा केला, पत्राच्या कडेला काहीतरी लिहिलं, सही ठोकली आणि कागद माझ्याकडे दिला. शेरा होता: "विषय कार्यालयीन नाही. संबंधितांनी समक्ष बोलावे."

आम्ही दाराबाहेर आलो. सरांना धड माझ्याकडे बघवेना.

"म्हणजे... समक्षच विचारतो. तुमच्या घरी येऊ? आईबाबांशी... आपल्या लग्नाचं बोलायला?"

"या ना!"

इतक्या मोठ्यानं ओरडले मी, की आतून बाईंचा आवाज आला, "आधी दार लावा ते!"