दुखणं थांबलं तेव्हा

दातांच्या दवाखान्याच्या पायऱ्या ती दोनदा चढली, दोनदा उतरली. तिसऱ्यांदा चढली तेव्हा दारातल्या बाकावर एक तरुण बसला होता. गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा.

"फार... फार दुखतं का हो काढताना?"

बोलायची सोय नव्हती. त्यानं कानावरची पेन्सिल काढली. सुतार होता तो. औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं : 'काढताना नाही. वाट बघताना.'

ती शिवणकाम करणारी. दोन महिने अक्कलदाढेचा ठणका सोसत होती. आईनं तर हात टेकले होते.

"खरं सांगू? मी पळून जाणार होते."

'मीही. खिडकीला गज निघाले.'

ती खुदकन हसली, दाढ कळवळली, आणि नेमकी आतून हाक आली.

"तुम्ही... घरी निघालात ना?"

पेन्सिल थबकली. 'रिक्षा मिळत नाहीये.'

बाहेर तीन रिक्षा ओळीनं उभ्या होत्या.

आत सुई टोचली, हिरडी बधिर झाली, कटकन आवाज आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं!" तिचा विश्वासच बसेना.

बाहेर आली तेव्हा त्याचा बोळा निघाला होता आणि तिच्या तोंडात नवा होता.

"आता बोलायची पाळी माझी," तो बोबडं बोलला. "हो असेल तर पापण्या मिटा. घरापर्यंत सोडू?"

तिनं मिटल्या.

"उद्या फोन केला तर चालेल?"

मिटल्या... उघडल्या... पुन्हा मिटल्या.

"दोनदा हो म्हणालात की!"

ती कानापर्यंत लाल झाली.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मात्र कळ कानातून थेट डोक्यात चढली. त्याचा फोन आला, तर तिला रडूच फुटलं. हातातलं काम टाकून तो आला. केसांत लाकडाचा भुसा तसाच. आईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि लेकीला म्हणाली, "जा याच्याबरोबर."

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, औषध भरलं. दहा मिनिटांत कळ ओसरली. ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि घळाघळा रडू लागली.

"अजून दुखतंय?" त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"नाही हो... थांबलं. थांबलं म्हणूनच..."

त्यानं केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला आणि तिच्या शेजारी मटकन बसला.

"तुमचा गाल तर उतरलाय," ती डोळे पुसत म्हणाली. "मग इतका घाम का फुटलाय?"

"कारण तुम्हाला दुखलं की मला... म्हणजे तुमचं..."

"तुझं," ती हळूच म्हणाली. "तुझं म्हण ना."

"तुझं दुखणं मला बघवत नाही," तो एका दमात बोलला. "आणि तुला बघितल्याशिवाय राहवतही नाही."

तिनं त्याच्या केसांतला भुसा बोटांनी झटकला. मग चक्क पोट धरून हसली.

"काय झालं?"

"काही नाही रे... मला सपाटून भूक लागलीय!"