मिनिटभर थांबा

डॉक्टरबाईंचा सोनोग्राफीत हात भलता चलाख. पोटावर जेल पडायचा अवकाश, की निदान तयार. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पंचवीस-तीस पोटं त्या हातोहात उरकत आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. फक्त एक पोट बारा वर्षं झाली तरी त्यांच्या मनातून जात नव्हतं.

ती बाई याच खाटेवर झोपली होती. स्क्रीनवर पाण्याने भरलेली काळी गोल गाठ दिसली. बाहेर रांग, त्यामुळे डॉक्टरबाईंनी पोटावर फिरवायचा प्रोब लगेच उचलला. "झालं एवढ्यात? थांबा ना जरा," ती म्हणाली होती. "झालं हो, पुसून घ्या," म्हणत यांनी 'अंडाशयाची साधी गाठ' असं लिहून तिला घरी पाठवलं. चौथ्या दिवशी गाठ पोटात फुटली आणि बाई गेली. गाठ होती आतड्याची, जन्मापासूनची. तिची भिंत आतड्यासारखीच दुपदरी असते आणि मधूनच आकसते. पण ते दिसायला हात न हलवता मिनिटभर थांबावं लागतं.

आज दुपारी रांग संपल्यावर भाची आली. सोनोग्राफीच्या खोलीत दिवसाही अंधारच असतो, म्हणून पडद्यामागे गाउन घालून ती चाचपडतच खाटेवर चढली. महिनाभर तिचं पोट दुखत होतं.

"मावशी, आई म्हणते परीक्षेचं टेन्शन आहे."

"तुझी आई पाय मुरगळला तरी टेन्शनच म्हणेल. श्वास घे. धर."

बेंबीच्या खाली, उजवीकडे, लिंबाएवढी काळी गोल गाठ दिसली. डॉक्टरबाईंना ती बारा वर्षांपूर्वीची गाठ आठवली. मग त्यांनीच स्वतःची समजूत घातली. या वयात अंडाशयाच्या अशा गाठी होतात आणि आपोआप जिरतातही. पोरीला उगाच कशाला घाबरवायचं? त्यांनी प्रोब उचलायला घेतला.

"झालं एवढ्यात?... थांबा ना जरा..."

कपडे बदलायच्या पडद्यामागून आवाज आला. अगदी हलका. त्यात राग नव्हता.

डॉक्टरबाईंचा हात जागच्या जागी थिजला. मिनिट गेलं. आणि गाठीच्या कडेला आतून पांढरी, बाहेरून काळी अशी दुपदरी रेघ उमटली. ती हळूच आत ओढली गेली आणि परत सैल झाली.

"मावशी, कोण बोललं?"

"सिस्टर असतील," त्या कशाबशा म्हणाल्या. "हे बघ, आतड्याची गाठ आहे. ऑपरेशन करावं लागेल, पण वेळेत सापडलीये. आजच सीटी स्कॅन करू. तुझ्या आईशी मी बोलते." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. अंधारात ते कुणाला दिसलं नाही.

भाची गेल्यावर सिस्टर बाहेरून आत आल्या आणि त्यांनी दिवा लावला. त्या इतका वेळ खालच्या मजल्यावर रिपोर्ट द्यायला गेल्या होत्या. पडद्यामागचे कपडे गोळा करता करता त्या थबकल्या.

"डॉक्टर, सकाळचे गाउन मी मघाशीच धुवायला टाकले. नंतर एकच पेशंट होती ना? मग हे दोन कसे?"

दुसरा गाउन डॉक्टरबाईंनी हातात घेतला. पोटाजवळ जेलचा ओला डाग होता. कापड अजून कोमट होतं.

"तुम्ही जेवून घ्या, सिस्टर. मी आलेच."

दार लागलं. डॉक्टरबाईंनी खाटेवर नवा कागद अंथरला, दिवा मालवला आणि प्रोब हातात घेऊन स्टुलावर बसल्या.

"या," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "आज रांग नाही. हवं तेवढं थांबते."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग खाटेवरचा कागद उशीकडून पायथ्याकडे हळूहळू चुरचुरत गेला.

"श्वास घ्या," डॉक्टरबाई सवयीने म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.